रोजचा बॅकअप 'यशस्वी', पण उघडला तर चार महिने जुना डेटा

रोजकीर्द · मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार. अकरा वर्षं एका लहान व्यवसायाचे हिशेब सांभाळते. तीन संगणक आहेत. डेटा माझ्या टेबलावरच्या संगणकात असतो, बाकीचे दोन नेटवर्कवरून त्यालाच जोडलेले. आज जे झालं त्याने हातपाय गळाले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी सहकाऱ्याकडून दोन ग्राहकांची खाती चुकून एकत्र झाली. नावं जवळपास सारखीच, एकाच्या शेवटी 'ट्रेडर्स', दुसऱ्याच्या शेवटी 'ट्रेडिंग'. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खाती विलीन करायची सोय आहे. ती वापरली गेली आणि २१४ व्हाउचर एकाच खात्यावर जाऊन बसली. विलीनीकरण उलटं फिरवता येत नाही. तो बिचारा रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, घाबरू नकोस, काल रात्रीचा बॅकअप आहे.

काल रात्रीची झिप फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये सोडवली आणि कंपनी उघडायला घेतली. सॉफ्टवेअरने विचारलं, डेटा जुन्या आवृत्तीतला आहे, रूपांतर करायचं का? मी हो म्हटलं. खाती दिसली, नावं दिसली, जिवात जीव आला. मग विक्रीची नोंदवही उघडली तर शेवटचं बिल १८४७. चालू डेटात आम्ही आज २९६१ वर आहोत. १८४७ चार महिन्यांपूर्वी फाडलेलं बिल आहे.

परवाची झिप उघडली, १८४७. तीन आठवड्यांपूर्वीची, १८४७. स्क्रिप्ट तीस दिवसांच्या फाइल ठेवते आणि त्याआधीच्या पुसते, त्यामुळे सगळ्यांत जुनी म्हणजे महिन्यापूर्वीची. तिथेही १८४७.

बॅकअपची व्यवस्था अशी. रात्री अकराला टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, एक बॅच फाइल (आज्ञांची यादी) चालते. ती रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या आज्ञेने डेटाचा फोल्डर ई ड्राइव्हवर घेते आणि मग त्याची तारीख घातलेली झिप करते. ही बॅच फाइल कुणीतरी पाच वर्षांपूर्वी करून दिलेली आहे. रोज सकाळी मी टास्क शेड्युलर उघडून बघते. 'लास्ट रन रिझल्ट'मध्ये ०एक्स० असतं, ऑपरेशन यशस्वी. चार महिन्यांत एकदाही वेगळं काही दिसलेलं नाही.

दुसरा बॅकअप दर शनिवारी, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप बटणावरून, पेन ड्राइव्हवर. तो गेले पाच शनिवार अर्ध्यात सोडतोय, 'फाइल लिहिता आली नाही' एवढंच सांगून. पहिल्यांदा ९८ टक्क्यांवर अडकला, मग ९२, मग ८७, ८२ आणि गेल्या शनिवारी ७८. पेन ड्राइव्ह खराब झाला असेल, रोजचा बॅकअप तर होतोच आहे, असं म्हणून मी तो विषय पुढे ढकलला. ही माझी चूक आहे, मालकांनाही आज संध्याकाळी तसंच सांगितलं.

चालू डेटा अजून व्यवस्थित उघडतो. पण आत्ता या क्षणी हा संगणक बंद पडला तर चार महिन्यांचा हिशेब गेला, आणि वर्षअखेर तोंडावर आहे. आधी काय करू?

---

तळटीप · मंगळवार, रात्री १०.५८

ताई, बाकी सगळं नंतर. आधी हे करा.

तिन्ही संगणकांवर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटवून चालत नाही, टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव उरलं नाही ना ते बघा. मग चालू डेटाचा अख्खा फोल्डर, आहे तसा, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून ठेवा. तोवर 'डेटा दुरुस्त करा', 'पुन्हा अनुक्रमणिका बनवा', नवीन अपडेट, यातल्या कशालाही हात लावू नका. दुरुस्तीच्या सोयी मूळ फाइलवरच लिहितात. एखादी नोंद त्यांना समजली नाही तर ती काढून टाकून मोकळ्या होतात.

पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. मला वाटतं तो भरला असेल, पण ते उद्या बघू.

---

रोजकीर्द · बुधवार, सकाळी ९.१५

रात्रीच परत जाऊन कॉपी केली. डेटा पावणेसहा जीबी भरला. डिस्क आता कपाटात आहे. रात्री झोप लागली ती त्यामुळेच. मनापासून आभार.

पेन ड्राइव्ह भरलेला नव्हता. ३२ जीबीचा आहे, गेल्या शनिवारी सुरू करताना सहा जीबीहून जास्त जागा मोकळी होती, आणि तारखा घातलेल्या जुन्या फाइल अजून त्यावर आहेत. त्यांचे आकार जुन्यापासून नव्याकडे असे:

३७,१४,६०० केबी
३९,८७,२०० केबी
४१,९४,३०४ केबी
४१,९४,३०४ केबी
४१,९४,३०४ केबी
४१,९४,३०४ केबी
४१,९४,३०४ केबी

आणि ई ड्राइव्हवरच्या तीस झिप फाइल, प्रत्येक ६,२७,११४ केबी. तीसच्या तीस. हे टाइप करताना माझं मलाच खटकलं. रोज बिलं होतात, रोज पावत्या होतात, मग आकडा एका केबीनेही का हलला नाही?

---

संगणकदुरुस्ती · बुधवार, सकाळी ११.३०

लहान व्यवसायांचे संगणक सांभाळायचं काम करतो. ताईंनी माहिती इतकी नीट दिली आहे की न बघताही बरंच सांगता येतंय. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत आणि माझा अंदाज आहे की दोघांचं मूळ एकाच दिवसात आहे.

पेन ड्राइव्हपासून सुरुवात करतो, कारण तिथे शंकेला जागाच नाही. ४१,९४,३०४ केबी म्हणजे बरोबर ४ जीबी. त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या तर बहुधा ४,२९,४९,६७,२९५ बाइट दिसतील, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात उणे एक. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एका फाइलचा आकार याच्यापुढे जाऊच शकत नाही. ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो, ही मर्यादा एकेका फाइलची आहे. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ मध्येच येतात. आणि तुमचे टक्के बघा, ९८ वरून ७८ पर्यंत दर आठवड्याला खाली येतायत. ड्राइव्ह खराब असता तर कधी ४० वर अडकला असता, कधी ९० वर. इथे भिंत एका जागी उभी आहे आणि डेटा दर आठवड्याला पाव जीबीने वाढतोय. भिंत तीच, पण वाढत्या डेटाच्या हिशेबात ती अलीकडे अलीकडे सरकताना दिसते.

प्रश्न असा की बिलं-पावत्यांचा डेटा इतक्या वेगाने वाढत नाही. चार महिन्यांपूर्वी तुम्ही व्हाउचरला स्कॅन जोडायला सुरुवात केली होती का?

आता रात्रीचा बॅकअप. तुमच्या पहिल्या मजकुरात एक वाक्य जाताजाता आलंय: 'डेटा जुन्या आवृत्तीतला आहे, रूपांतर करायचं का?' ताई, काल रात्री घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीतला कसा असेल? चार महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर अपग्रेड झालं असणार, आणि त्या अपग्रेडने डेटा नव्या जागी हलवला असणार. जुना फोल्डर त्याने पुसला नाही, जागेवरच राहू दिला. तुमची बॅच फाइल आजही रोज रात्री त्या जुन्या, रिकाम्या घराचीच नक्कल करतेय.

हे तपासा. सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या माहितीच्या पडद्यावर डेटाचा मार्ग लिहिलेला असतो, तो कागदावर उतरवा. मग बॅच फाइलवर राइट क्लिक करून 'एडिट' करा, म्हणजे ती नोटपॅडमध्ये उघडेल. रोबोकॉपीच्या ओळीतला पहिला मार्ग त्याच्याशी ताडून बघा.

०एक्स० बद्दल. तो आकडा अख्ख्या बॅच फाइलचा नसतो, तिच्यातल्या शेवटच्या कामाचा असतो. तुमच्याकडे शेवटचं काम झिप करण्याचं. झिप झाली, शून्य आला. रोबोकॉपी काय म्हणाला ते टास्क शेड्युलरपर्यंत पोचलंच नाही. आणि रोबोकॉपीचे आकडेही नेहमीसारखे नाहीत. त्याच्याकडे शून्य म्हणजे 'कॉपी करण्यासारखं नवीन काही सापडलं नाही', एक म्हणजे 'फाइल कॉपी झाल्या'. आठ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काहीतरी चुकलं. म्हणजे ज्या रात्री काम झालं त्या रात्री एक यायला हवा, आणि सलग चार महिने शून्य येणं हीच खरी धोक्याची खूण. जुना फोल्डर अपग्रेडमध्ये पुसला गेला असता तर निदान १६ तरी आला असता, पण तुमच्या बॅच फाइलने तोही झाकला असता.

बॅच फाइलच्या शेजारी एखादी लॉग फाइल, म्हणजे झालेल्या कामाची नोंद ठेवणारी फाइल, दिसते का बघा.

---

रोजकीर्द · बुधवार, दुपारी १.०५

अक्षर न् अक्षर खरं निघालं.

कंपनीच्या पडद्यावरचा मार्ग सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधला आहे. तो फोल्डर एरवी दिसतही नाही, लपवलेल्या वस्तू दाखवा असं सांगावं लागलं. बॅच फाइलमध्ये मात्र अजून डी ड्राइव्ह. अपग्रेड करायला जो माणूस आला होता त्याने डेटा हलवल्याचं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. स्कॅन जोडायची सोयही त्याच अपग्रेडमध्ये आली, खरेदीची बिलं आम्ही तेव्हापासूनच जोडतो.

लॉग फाइल सापडली. प्रत्येक रात्रीच्या शेवटी एक लहान तक्ता आहे. फाइल्सच्या ओळीत टोटल १,२१८, कॉपीड ०, स्किप्ड १,२१८. खाली उतरत गेले तर पुढच्या रात्रीही तेच, त्याच्या पुढच्या रात्रीही तेच. वर सरकत सरकत चार महिने मागे गेले तेव्हा एका रात्री कॉपीड ३७ दिसलं. अपग्रेडच्या आदल्या रात्रीचा तक्ता आहे तो. म्हणजे सगळं लिहिलेलं होतं, रोज रात्री लिहिलं जात होतं. ती फाइल उघडून बघायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझा खरा पेच. ती २१४ व्हाउचर कशी सोडवू? कालच्या आधीचा बॅकअपच नाही.

---

जुनी_खतावणी · बुधवार, दुपारी ३.२०

संगणकातलं मला या मंडळींइतकं कळत नाही. चाळीस वर्षं वह्या आणि मग सॉफ्टवेअर, दोन्हीत हिशेब लिहिले आहेत, त्या बाजूने सांगतो.

तुमच्याकडे बॅकअप आहे. पेन ड्राइव्हवरची दुसरी फाइल, ३९,८७,२०० केबीची. ती ४ जीबीच्या आत आहे, म्हणजे पूर्ण लिहिली गेली असणार. ज्या पेन ड्राइव्हला तुम्ही बाद धरलंत त्याच्यावरच तुमचा सगळ्यांत ताजा हिशेब आहे, सहा आठवड्यांपूर्वीचा. आधी ती फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग ज्या संगणकावर चालू डेटा नाही अशा संगणकावर, नेटवर्कची वायर काढून, तीच आवृत्ती टाकून ती रिस्टोअर करा. चालू डेटावर चुकूनही रिस्टोअर करू नका. सॉफ्टवेअर 'आधीचा डेटा बदलायचा का' असं विचारतं आणि घाईत माणूस हो म्हणतो.

रिस्टोअर झालं की नुसती कंपनी उघडली म्हणून समाधान मानू नका. त्या शनिवारची तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढा. चालू डेटातही त्याच तारखेपर्यंतची तेरीज काढा. दोन्ही शेजारी ठेवून रोख, बँक, एकूण येणेकरी, एकूण देणेकरी, विक्री, खरेदी जुळवा. त्या शनिवारनंतर मागच्या तारखेच्या नोंदी घातल्या असतील तर तेवढाच फरक यावा, आणि तो नावानिशी सांगता यावा. शेवटचा व्हाउचर क्रमांक बघा, प्रत्येक प्रकारातला, नुसत्या विक्रीतला नव्हे. एक स्कॅनही उघडून बघा, जोडलेल्या फाइल राहून जातात.

एक लक्षात घ्या, विलीनीकरणाने एकूण येणेकऱ्यांचा आकडा बदलत नाही. दोन खात्यांची बेरीज तीच राहते, त्यामुळे तेरीज जुळली तरी ही चूक तिच्यात दिसणार नाही. ती दोन खाती स्वतंत्रपणे छापून घ्यावी लागतील.

त्या दोन खात्यांचे उतारे जुन्या डेटातून छापलेत की कोणतं व्हाउचर कुणाचं ते कळेल. उरलेली सहा आठवड्यांची बिलांच्या प्रतींवरून आणि बँकेच्या उताऱ्यावरून लावा. चालू डेटात दुसरं खातं पुन्हा उघडा आणि व्हाउचर एकेक करून खातं बदला. कामाचा सारा भार एवढ्यावरच आहे, दोन दिवसांत होईल. शेवटी दोघाही ग्राहकांना शिल्लक कळवून त्यांच्याकडून लेखी होकार घ्या.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो कारण एकदा माझ्या हातून अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. बॅकअप उघडत होता, सगळं दिसत होतं, मी पुढे लिहायला लागलो. दोन महिन्यांनी बँकेचा मेळ घालताना अकरा दिवस गायब असल्याचं कळलं. तोवर त्याच क्रमांकांची नवी बिलं बाहेर गेली होती. एका क्रमांकाची दोन बिलं, दोन ग्राहकांकडे. ते निस्तरायला लागलेला वेळ मी कधी विसरलो नाही.

---

नवखा_लेखापाल · बुधवार, संध्याकाळी ६.१०

मध्येच विचारतो. आमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसवर चालतं. मी बॅकअप माझ्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये घ्यायला सांगितला तर 'ऑपरेटिंग सिस्टम एरर ५' येते. मी तर ॲडमिन आहे.

---

संगणकदुरुस्ती · बुधवार, संध्याकाळी ६.४५

एरर ५ म्हणजे परवानगी नाकारली. तुम्ही ॲडमिन असलात तरी बॅकअपची फाइल एसक्यूएल सर्व्हरची सेवा लिहिते आणि ती तिच्या स्वतःच्या खात्याने चालते. तुमच्या डेस्कटॉपवर तिला शिरकाव नाही. थेट ड्राइव्हवर एक वेगळा फोल्डर करा, सेवेच्या खात्याला त्यावर लिहायची परवानगी द्या आणि बॅकअप तिथे घ्या. एरर ३ आली तर मार्ग चुकलाय, ११२ आली तर जागा संपलीय.

आणखी एक. एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, त्यामुळे रोजचा बॅकअप आपोआप होतोय असं गृहीत धरू नका. टास्क शेड्युलरमधून आज्ञा द्यावी लागते. बॅकअप घेताना चेकसम (डेटा बिघडला नाही ना हे पडताळणारा आकडा) लावा आणि नंतर 'रिस्टोअर व्हेरिफायओन्ली' चालवा. त्याने फाइल वाचता येते एवढं कळतं. तीत तुमच्या आजच्या नोंदी आहेत का, ते मात्र वर जुनी खतावणी यांनी सांगितलं तसंच बघावं लागेल.

---

रोजकीर्द · शनिवार, दुपारी ४.३०

तीन दिवस लिहायला झालं नाही, आता सांगते.

३९,८७,२०० ची फाइल रिस्टोअर झाली. एका संगणकाची वायर काढून तिथे केली. तेरीज पहिल्या फेरीत जुळली नाही, देणेकऱ्यांत फरक आला. शोधलं तर मागच्या तारखेने घातलेली दोन खरेदी बिलं निघाली, दोन्ही माझ्याच हातची. ती धरली आणि पैशापर्यंत जुळली. मी आणि सहकारी, दोघंही काही न बोलता काही वेळ तशीच बसून राहिलो.

दोन खात्यांचे उतारे छापले. २१४ पैकी १८६ व्हाउचर त्यावरून लागली. उरलेली २८ बिलांच्या प्रतींवरून. सहकारी वाचत गेला, मी बदलत गेले, प्रत्येकावर पेन्सिलने टिक. काल रात्री साडेआठला शेवटचं झालं. दोघा ग्राहकांना शिल्लक कळवली आहे, एकाचा होकार आला, दुसऱ्याचा यायचा आहे.

बॅच फाइलमधला मार्ग बदलला. पहिल्या रात्रीच्या तक्त्यात कॉपीड आकडा दिसला. दुसऱ्या रात्री मात्र सकाळपर्यंत टास्क 'रनिंग'च होता, ०एक्स४१३०१ दाखवत. हे काय?

आणि पेन ड्राइव्हचं काय करू? आधी सगळ्या फाइल उतरवून घेतल्या आहेत.

---

संगणकदुरुस्ती · शनिवार, संध्याकाळी ५.५०

वाचून फार बरं वाटलं.

०एक्स४१३०१ म्हणजे टास्क अजून चालू आहे. कुणीतरी सॉफ्टवेअर उघडं ठेवून घरी गेलं असणार. फाइल दुसऱ्याच्या ताब्यात असली की रोबोकॉपीला एरर ३२ मिळते आणि तो थांबून पुन्हा प्रयत्न करतो. किती वेळा, तर सांगितलं नसेल तर दहा लाख वेळा, प्रत्येक वेळी तीस सेकंद थांबून. त्या ओळीत प्रयत्नांची संख्या तीन आणि थांबायची वेळ दहा सेकंद अशी लिहून टाका. उघड्या डेटाची नक्कल अर्धवट येते, तेव्हा रात्री सगळे संगणक बंद करूनच जायचं हा नियम करा. तुमच्या डेटामागे एसक्यूएल सर्व्हरसारखं डेटाबेस इंजिन असेल तर फाइल उचलण्याऐवजी सॉफ्टवेअरचाच बॅकअप वापरा.

रोबोकॉपीनंतर लगेच त्याचा आकडा तपासून, आठ किंवा जास्त असेल तर झिप न करता तिथेच थांबायची ओळ घाला. रोबोकॉपीच्या ओळीत मिरर स्विच, म्हणजे नक्कल हुबेहूब मूळ जागेसारखी ठेवायची सूचना, लावलेला असेल तर काढा. मूळ जागा कधी रिकामी झाली तर तो नक्कलही रिकामी करतो.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून फॉरमॅट करा, ४ जीबीची अडचण जाईल. तरी डेटा ज्या वेगाने वाढतोय त्याला ३२ जीबी अपुरा आहे, बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्या आणि आळीपाळीने वापरा. एक जोडलेली असताना दुसरी इमारतीच्या बाहेर. ई ड्राइव्ह त्याच संगणकात आहे. आग, चोरी किंवा डेटा कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर मूळ आणि नक्कल एकदमच जातील. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, असा जो ३-२-१ चा नियम सांगतात तो यासाठीच. क्लाउडशी जुळणाऱ्या फोल्डरला त्यातली प्रत धरू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

काहीजण सुचवतील की बॅकअप फसला तर मेल यावा अशी सोय करा. करा, पण तिच्यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपचे मार्ग अनेक होते. रोजचा डेटाबेस डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवणं) सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणारे मेल डीमार्कच्या, म्हणजे मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे का याच्या, तपासणीत नाकारले जात होते, म्हणून कुणापर्यंत पोचले नाहीत. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) होता, त्यावरून ते उभे राहिले. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं. इतक्या जाणत्या लोकांकडे हे झालं, तेव्हा तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका.

---

जुनी_खतावणी · शनिवार, संध्याकाळी ७.००

ताई, एक साधी वही करा. रोज संध्याकाळी घरी निघताना शेवटचं विक्री बिल, शेवटची पावती, शेवटचं पेमेंट व्हाउचर आणि रोख शिल्लक, एवढे चार आकडे तारखेसह पेनाने लिहा. महिन्यातून एकदा कोणत्याही एका रात्रीचा बॅकअप वेगळ्या संगणकावर उघडून त्या तारखेच्या ओळीशी ताडा. आणि अपग्रेड झालं की महिन्याची वाट बघू नका, दुसऱ्याच दिवशी ताडा.

---

रोजकीर्द · सोमवार, सकाळी ९.४०

वही सुरू केली. पहिली ओळ शनिवारची: विक्री ३००४, पावती १११९, पेमेंट ८७२, आणि रोख शिल्लक. आज सकाळी शनिवार रात्रीची झिप दुसऱ्या संगणकावर उघडली. रूपांतराचा प्रश्न आला नाही. चारही आकडे जुळले. सहकाऱ्याने स्वतः हात धुऊन येऊन टिक केली.

एक शेवटचं विचारते. ई ड्राइव्हवरच्या त्या जुन्या, सारख्या झिप फाइल आता पुसून टाकू ना? जागा अडते आहे.

---

तळटीप · सोमवार, सकाळी १०.०५

बाकीच्या सगळ्या पुसा. एक ठेवा, आणि तिच्या नावात 'अपग्रेडपूर्वीचा, शेवटचं बिल १८४७' असं लिहा. डी ड्राइव्हवरचा जुना फोल्डर सोडला तर जुन्या आवृत्तीतला, रूपांतर न झालेला तुमचा तेवढाच डेटा आहे. आधीच्या वर्षांच्या एखाद्या नोंदीत रूपांतरामुळे काही बदललं का हे कधी बघायची वेळ आली तर तीच लागेल.